शेवटचा आकडा चार

पाणीगेटबाहेर ताहेरभाईंच्या गॅरेजात
मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि समोर
बॉनेट वर करून उभी दोन हजार चारची सँट्रो.
रंग कागदोपत्री चंदेरी.
सत्याण्णव हजार चारशे किलोमीटर.
भंगारवाला रविवारीच बोलून गेला, अठ्ठावीस हजार.
ताहेरभाई म्हणतात बेल्ट, टेन्शनर,
उघडायचंच आहे तर वॉटर पंपही,
सात हजार दोनशे.

"आधी बदललाय का?"
साधा प्रश्न.

मी छत्तीस वर्षं ऑडिट केलं,
खंडेराव मार्केटातल्या कचेरीत.
कंत्राटदार छातीवर हात ठेवून सांगायचे,
बाई, रस्ता झालाय, जाऊन बघा.
मी म्हणायची, रस्ता राहू द्या,
व्हाउचर दाखवा.

गाडी अवधूतची. माझा धाकटा.
नाशिकला गेला तेव्हा किल्ली हातात ठेवली,
एक पैसा घेतला नाही.
आत्ता फोन केला तर आवाज दुखावलेला:
"चौदा साली बदललाय, ताई. सांगतोय ना.
येताना भरूचला पूल जाम होता बघ,
खारे शेंगदाणे घेतले होते आपण."

शेंगदाणे आठवतात.
पुडी खालून फाटली होती, तेही आठवतं.
बेल्ट आठवत नाही.
सर्व्हिसच्या डायरीत साठ हजाराचं पान
कोरं. नुसता टाचणीचा गंज.

"बेन, पट्टो बोले नहि,"
ताहेरभाई चिंध्यांना हात पुसतात,
"तूटे त्यारे ज खबर पडे."

खरंय. ब्रेक कुरकुरतात, क्लच वास सोडतो,
सायलेन्सर तर अख्ख्या सोसायटीला सांगत सुटतो.
हा एकटाच झाकणाआड,
कुणाच्याही नजरेस न पडता
वरच्याची आणि खालच्याची वेळ सांभाळतो:
झडप उतरली की पिस्टननं मागं सरायचं,
पिस्टन वर आला की झडपेनं मिटून घ्यायचं.
एक दात चुकला
की दोघं एकमेकांच्या अंगावर.
मग इंजिनाचा खर्च गाडीहून मोठा.

महिन्यातून एकदा मी आणंदला जाते, लेकीकडे,
एक्सप्रेस वेनं, एकटी.
बदला म्हटलं तर
भावाचं तोंडी निवेदन मी फेटाळलं.
नको म्हटलं तर ते मंजूर केलं,
आणि एखाद्या दुपारी महीच्या पुलावर
मागून ट्रक येत असताना
त्या मंजुरीखाली सही माझी.

समोरच्या दुकानात कुणी तरी
टायरमध्ये हवा भरतंय. बराच वेळ.

"खोलो," मी म्हटलं.

दोन तास. झाकण निघालं, पुली निघाली,
पोऱ्यानं बेल्ट आणून माझ्या मांडीवर टाकला,
गरम, काळा,
वाटला होता त्यापेक्षा हलका.
मी उलटा वाकवून बघितला. भेगा आहेत,
पण माझ्या टाचांना याहून जास्त आहेत.
"हजी चालत," ताहेरभाई म्हणाले,
आणि जरा थांबून, "कदाच."

पाठीवर छापील अक्षरं होती, पुसट.
कंपनीचं अर्धं नाव, नंबर,
साल.
पोऱ्यानं मोबाइलचा टॉर्च धरला.
शेवटचा आकडा चार.
त्याच्या आधीचा
घासून गेलेला, शून्य असेल, एक असेल.
मी पदर ओला केला, पुसायला लागले.
काळं पदराला आलं.
आणखी जोर केला असता तर कदाचित लागलं असतं
काही तरी. तेवढ्यात चहा आला
आणि मी तो धरायला बेल्ट खाली ठेवला.

पक्कं बिल मागितलं. तारीख, किलोमीटर, शिक्का.
डायरीत टाचलं, गंजाच्या शेजारी.

फोन वाजला.
"काय म्हणाला गं तुझा मेकॅनिक?"
"म्हणाला, बेल्ट चांगला होता."

"होता?" अवधूत म्हणाला.

मी किल्ली फिरवली.